कुत्र्यालाही थंडी वाजते : आधी अंथरूण, मग पांघरूण

दिवाळी सरली की हिंगोली जिल्ह्यात रात्रीचा गारवा जाणवू लागतो आणि मार्गशीर्ष-पौषात तर हुडहुडी भरते. घरोघरी पेटीतल्या वाकळी, रग, घोंगड्या बाहेर निघतात. गोठ्याला तुराट्यांचा कूड घातला जातो. कोंबड्यांच्या खुराड्यावर पोते पडते. घरातल्या लहानथोरांची, गुरावासरांची सोय होते. राहतो तो फक्त दारातला कुत्रा. ‘कुत्र्याला कसली आली थंडी? त्याच्या अंगावर केस आहेत की!’ असे म्हणून आपण दार लावून घेतो. हा समज कितपत खरा आहे, आणि बारीक, आखूड केसांच्या कुत्र्याला रात्री ऊब कशी द्यावी, हे या आठवड्यात पाहू.

सेनगाव तालुक्यातील गोरेगाव आणि परिसरातल्या शेतकऱ्यांना हा विषय नवा वाटू नये. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्याचे काम पुष्कळदा रात्रीच करावे लागते, कारण शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायलाही आखाड्यावर जागावे लागते. सोबतीला कुत्रा असतो. माणूस कानटोपी घालून, घोंगडी पांघरून, शेकोटी करून बसतो. कुत्रा मात्र ओल्या बांधावर, दवात, उघड्या अंगाने रात्र काढतो. आपल्या भागातली थंडी किरकोळ आहे असेही समजू नये. डिसेंबर २०१८च्या अखेरीस शेजारच्या परभणीत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला होता.

सगळी कुत्री सारखी नसतात

थंड प्रदेशातल्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि त्याखाली कापसासारखी दाट लव. या लवेत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. आपल्या वाकळीचेही तेच आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवले की मधली हवा ऊब धरते. जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियन कुत्र्याला अशी लव असते. म्हणून त्यांना आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही, पण थंडी निभावते.

याच्या उलट प्रकार म्हणजे आपला दख्खनचा कारवानी कुत्रा. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, चिंचोळे तोंड आणि अंगाला घट्ट चिकटलेले आखूड केस. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात हे कुत्रे पूर्वापार सांभाळले जाते. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखले जाते. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावावरून याला ‘मुधोळ हाउंड’ म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडचाही मान होता. याच घराण्यातल्या, कान, पाय आणि शेपटीवर रेशमी झालर असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात.

हा कुत्रा पळण्यासाठी घडलेला आहे. पळताना अंग तापते, ती उष्णता चटकन बाहेर जावी म्हणून त्याच्या कातडीखाली चरबी अगदी थोडी आणि केस विरळ असतात. दिवसा जे गुण उपयोगी पडतात तेच रात्री निजताना त्याच्या विरुद्ध जातात. अंगात तयार झालेली ऊब टिकत नाही. डॉबरमनसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यांचे आणि आपल्या अनेक गावठी कुत्र्यांचेही असेच आहे. त्यातही लहान पिल्ले, म्हातारी कुत्री, व्यालेली कुत्री आणि आजारातून उठलेले जनावर यांना थंडी अधिक बाधते.

ऊब जाते कुठे?

माणसाच्या शरीराचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट धरले जाते. निरोगी कुत्र्याचे मात्र साधारण १०१ ते १०२.५ अंश असते. म्हणजे आपल्यापेक्षा त्याचे अंग मुळातच गरम. ही उष्णता रात्रभर टिकवायची तर ती कोणत्या वाटांनी जाते हे समजून घ्यावे.

पहिली वाट जमिनीची. शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा किंवा ओली माती अंगातली उष्णता सतत ओढून घेते. दुसरी वाट वाऱ्याची. केसांत अडकलेली उबदार हवा वारा उडवून नेतो. तिसरी वाट ओलाव्याची. दवाने किंवा पाण्याने भिजलेल्या केसांत हवा राहत नाही, आणि ते पाणी वाळताना अंगातलीच उष्णता घेते. चौथी वाट उघड्या आभाळाची. निरभ्र रात्री जमीन जशी थंड होते, तसेच उघड्यावरचे अंगही थंड होते.

आपण बहुधा कुत्र्याच्या अंगावर एखादे पोते टाकतो आणि काम झाले असे मानतो. पोते मध्यरात्री घसरते, आणि खालची फरशी तर पहिल्यापासून अंग गारठवत असते. म्हणून एक सूत्र लक्षात ठेवावे : आधी अंथरूण, मग आडोसा, आणि शेवटी पांघरूण.

अंथरूण कसे असावे?

अंथरूण जमिनीपासून निदान चार बोटे उंच असावे. जुनी फळी, लाकडी खोक्याच्या पट्ट्या किंवा सुतळीने विणलेली लहानशी बाज चालते. बाज वापरल्यास तिच्यावर जाड थर टाकावाच, नाहीतर खालून वारा लागतो.

फळीवर आधी दोन-तीन पदरी तरट किंवा बारदाना टाकावा. त्यावर गव्हाचे कोरडे काड वीतभर जाडीचे पसरावे. काडाच्या पोकळ नळ्यांत हवा राहते आणि कुत्रा त्यात फिरून आपल्या अंगाच्या मापाचा खळगा करून घेतो. काड नसेल तर जुनी वाकळ चौपदरी घालून टाकावी. सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे भुसकट मात्र टाळावे. त्याची धूळ नाकाडोळ्यांत जाते आणि अंगाला खाज सुटते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. खताची, कीटकनाशकाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पोती कुत्र्याच्या अंथरुणाला कधीही वापरू नयेत. कुत्रा अंथरूण चाटतो, चावतो. पोत्यातले उरलेले विष त्याच्या पोटात जाते. तसेच पेटीतून काढलेल्या कपड्याला डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर तो धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात वाळवूनच वापरावा. डांबरगोळी कुत्र्याने गिळल्यास ती विषारी ठरते.

अंथरूण कोरडे असणे हे जाड असण्याइतकेच महत्त्वाचे आहे. रोज सकाळी ते झटकून उन्हात टाकावे. काड आठवड्याला बदलावे. त्यामुळे पिसवा आणि गोचिडांचाही बंदोबस्त होतो. कारवानी कुत्र्याची कोपरे, ढोपरे हाडकुळी असतात. कडक जमिनीवर निजून तेथे घट्टे पडतात, पुढे चिरून जखमा होतात. मऊ अंथरुणाने तेही टळते.

आडोसा

कुत्र्याचे घर मोठे म्हणजे चांगले, ही समजूत चुकीची आहे. कुत्रा आपल्याच अंगाच्या उबेने घर गरम करतो. त्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि मुटकुळे करून निजता यावे एवढीच जागा पुरे. मोठ्या घरात ती ऊब पसरून वाया जाते.

हिवाळ्यात आपल्याकडे गार वारा मुख्यतः उत्तर आणि ईशान्येकडून येतो. म्हणून घराचे तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला ठेवावे. आग्नेयेला ठेवल्यास सकाळचे कोवळे ऊनही मिळते. दारावर तरटाचा पडदा सोडावा. घर पत्र्याचे असेल तर रात्री पत्रा थंड होऊन आतून पाणी ठिबकते. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचे पाचट रचावे. आखाड्यावर वेगळे घर नसेल तर तुराट्यांचा कूड तीन बाजूंनी उभा करून वर पाचट टाकले तरी काम भागते. हे सगळे शेतात फुकट मिळणारे साहित्य आहे.

साखळीने बांधलेल्या कुत्र्याचा विचार विशेष करावा. मोकळे कुत्रे आपणहून चुलीमागे, राखेच्या ढिगावर किंवा गव्हाणीत जाऊन ऊब शोधते. बांधलेल्याला ती सोय नसते. साखळी अंथरुणापर्यंत आणि आडोशाच्या आतपर्यंत पोहोचते की नाही, हे निजण्यापूर्वी पाहावे. पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा देणे हे १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही मालकावर बंधनकारक आहे.

पांघरूण

अंथरूण आणि आडोसा झाला की मग अंगावरच्या कपड्याचा विचार करावा. सैल पोते टाकण्यापेक्षा अंगाला बसेल अशी झूल शिवावी. मापे दोनच : मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि पुढच्या पायांमागे छातीचा घेर. जुन्या रगाचा किंवा लोकरी शालीचा तुकडा घेऊन छातीपुढे आणि पोटाखाली रुंद पट्ट्यांनी बांधावा. पट्टी आणि अंग यांमध्ये दोन बोटे सहज जावीत. गळ्याभोवती दोरी बांधू नये, रात्री अडकल्यास फास बसतो. नराची झूल पोटाखाली मागपर्यंत नेऊ नये, लघवीने भिजते. लहान कुत्र्याला मुलांच्या जुन्या स्वेटरची बाही पुढच्या पायांसाठी भोके पाडून चालते.

ओली झूल नसलेलीच बरी. सकाळी ती काढून उन्हात टाकावी. जे कुत्रे कपडा फाडून गिळते, त्याला झूल घालू नये. चिंध्या आतड्यात अडकतात. अशा कुत्र्यासाठी काडाचा थर वाढवावा.

पोटातली ऊब

अंगातली उष्णता अन्नातूनच तयार होते. रात्रभर बाहेर राहणाऱ्या सडपातळ कुत्र्याला हिवाळ्यात नेहमीपेक्षा अधिक खाणे लागते. नुसत्या पाण्यात कुस्करलेल्या भाकरीवर त्याचे भागत नाही. भाकरीबरोबर घट्ट वरण, उकडलेले अंडे, शक्य असेल तेथे शिजवलेले मांस किंवा मासळी द्यावी. मात्र खाणे एकदम न वाढवता आठवडाभरात हळूहळू वाढवावे. कांदा-लसूण घातलेले कालवण देऊ नये, ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना अपाय करते. मुख्य जेवण संध्याकाळी द्यावे. थंडीत कुत्री पाणी कमी पितात, म्हणून सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी ठेवावे.

कारवानी कुत्रा बारीकच असतो, पण बारीक आणि खंगलेला यात फरक आहे. शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसणे या जातीत स्वाभाविक आहे. सगळ्या बरगड्या, कण्याचे मणके आणि ढुंगणाची हाडे वर आली असतील तर जंतांची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकाकडून जंताचे औषध घ्यावे.

शेकोटी, शेगडी आणि बल्ब

शेकोटीजवळ कुत्रा निजतो आणि झोपेत अंग भाजून घेतो. आखूड केसांच्या कातडीला ठिणगी लगेच लागते. शेकोटी विझवल्याशिवाय माणसाने झोपू नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे तर कुत्र्याइतकेच माणसालाही घातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही.

पूर्वी पिल्लांच्या खोक्यावर साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगत. आता बहुतेक घरांत एलईडी बल्ब आहेत. ते उजेड देतात, पण ऊब फारशी देत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. त्यापेक्षा गरम पाण्याची बाटली घट्ट बूच लावून, टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एका कोपऱ्यात ठेवावी. दुसरा कोपरा मोकळा असावा, म्हणजे गरम झाल्यास जनावराला सरकता येते.

भाद्रपदानंतरची पिल्ले

भाद्रपद हा कुत्र्यांचा काळ, हे गावात कोणालाही सांगावे लागत नाही. कुत्रीची गर्भावस्था सुमारे त्रेसष्ट दिवसांची असते. म्हणजे भाद्रपदातली पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर जन्माला येतात. अनेक पिल्ले पहिल्याच आठवड्यात दगावतात आणि आपण ‘दृष्ट लागली’ किंवा ‘आईने दूध पाजले नाही’ असे म्हणतो. पुष्कळदा खरे कारण गारठा असतो.

नवजात पिल्लाला पहिले दोन आठवडे आपल्या अंगाचे तापमान राखता येत नाही. त्याला कुडकुडताही येत नाही. कुडकुडणे म्हणजे स्नायू हलवून उष्णता तयार करणे, आणि ती शक्ती त्याच्यात अजून आलेली नसते. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागेचे तापमान २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावे, पुढे ते हळूहळू कमी करत चौथ्या आठवड्यापर्यंत २४च्या आसपास आणावे. पिल्ले एकमेकांवर ढीग करून सतत केकाटत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली आहे. सैलसर एकमेकांना टेकून शांत झोपली असतील तर सारे ठीक आहे.

गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नये, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. अंग गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते, दूध पचत नाही आणि घशातून फुप्फुसात जाऊ शकते. आधी पिल्लू कपड्यात घेऊन आपल्या छातीशी धरावे, तास-दोन तासांत हळूहळू गरम करावे. ते चळवळ करू लागले, तोंडात बोट दिल्यावर चोखू लागले की मग आईला लावावे. गाईच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने दुपटीहून अधिक असतात, म्हणून आईचे दूधच सर्वांत उत्तम.

थंडी की आजार?

गोधडीत असूनही कुत्रे कुडकुडत असेल तर ताप, वेदना किंवा विषबाधा यांचाही विचार करावा. अंगावरचे केस जागोजागी गळून खाज सुटली असेल तर ती खरूज असू शकते. अशा कुत्र्याला दुप्पट थंडी वाजते. खरजेवर गाडीचे जळके ऑईल चोपडण्याची पद्धत गावोगाव आहे. ती सोडून द्यावी. त्या तेलाने कातडी भाजते, आणि अंग चाटल्यावर ते पोटात जाते. मध्यमवयीन कुत्रे सुस्त होऊन वजन वाढू लागले, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि ते सतत ऊन शोधू लागले, तर थायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो. म्हातारे कुत्रे सकाळी उठताना लंगडत असेल तर सांधे धरले असे समजावे. त्याला मऊ अंथरुणाचा लाभ सर्वांत अधिक होतो. दुखण्यावर माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारखी आपल्या घरातली साधी औषधेही कुत्र्याच्या जिवावर बेततात.

कुत्रे गारठले तर

सुरुवातीला कुत्रे कुडकुडते, पाठ वाकवते, पाय आळीपाळीने उचलते. थंडी वाढली की ते सुस्त होते, अडखळते, हिरड्या फिक्या पडतात. आणि मग कुडकुडणे थांबते. थंडी कायम असताना कुडकुडणे थांबले तर ‘आता बरे वाटले’ असे समजू नये. शरीराची शक्ती संपत आल्याची ती खूण आहे. गुदद्वारात तेल लावलेला थर्मामीटर हळूच ठेवून ताप पाहावा. ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर कुत्रे गारठले आहे. ९५च्या खाली असेल तर एक क्षणही न दवडता पशुवैद्यकाकडे न्यावे.

तोवर कुत्र्याला आडोशाला आणून कोरड्या कपड्याने टिपून काढावे. कोरड्या वाकळीत गुंडाळून छाती-पोटाजवळ कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. पाय जोरजोरात चोळू नयेत, गरम पाण्याने आंघोळ घालू नये, शेकोटीपुढे धरू नये. काही जण चमचाभर दारू किंवा ब्रँडी पाजतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतली उरलीसुरली उष्णताही बाहेर जाते. कुत्रे पूर्ण शुद्धीवर असेल आणि आपणहून घोट घेत असेल तरच कोमट पाणी द्यावे.

घरात, मुलांच्या सहवासात निजणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस आणि जंताचे औषध वेळेवर दिलेले असावे. गारठलेले, घाबरलेले अनोळखी कुत्रे उचलताना जाड कपडा वापरावा. चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

यात खर्चाचे असे काहीच नाही. एक फळी, दोन बारदाने, पाटीभर काड आणि तुराट्यांचा कूड एवढ्यात काम होते. आज संध्याकाळी शेतावर निघताना किंवा घराचे दार लावताना कुत्र्याच्या निजण्याच्या जागेवर आपला तळहात मिनिटभर टेकवून पाहावा. हाताला गार, ओलसर लागले तर त्याच्या पोटाला रात्रभर तेच लागणार आहे.